कतञ्ञुता कोणाची? मंगलसुत्ताच्या एका रूढ अर्थाविषयी

महामंगलसुत्ताचे पठन आपल्या विहारांतून नित्य होते. त्यातील संतुष्टी व कतञ्ञुता ही दोन मंगले मात्र प्रवचनांतून ज्या रीतीने समजाविली जातात, तिच्याशी आम्ही सहमत नाही. मिळाले त्यात समाधान मानावे, रोजी देणाऱ्याचे उपकार स्मरावेत, म्हणजे कष्टांतही आनंद लाभतो, असा अर्थ श्रोत्यांच्या पदरी पडतो. भिवंडीच्या कामतघरात बसून हा अर्थ ऐकला, म्हणजे त्यातील उणीव ध्यानी येते.

येथे यंत्रमागांचा खडखडाट राहत्या घरांच्या भिंतींपलीकडून ऐकू येतो. बारा तासांची पाळी, एका माणसाकडे अनेक माग, आणि मजुरी विणलेल्या कापडाच्या मापाने. धागा तुटून माग थांबला की कमाईही थांबते. पाळीवरून आलेला उपासक विहारात बसतो आणि गाथा संपण्यापूर्वीच त्याचा डोळा लागतो. तो कृतज्ञ नाही, असे कोण म्हणेल?

पालीतील कतञ्ञू म्हणजे केलेले जाणणारा. हा शब्द जाणिवेचा आहे, मिंधेपणाचा नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांस विणकाम खाते बंद होते, कारण धोट्यातून धागा ओढण्यास तोंड लावावे लागे आणि इतरांस त्याचा विटाळ वाटे. अधिक मजुरीचे खाते ते हेच. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कारखाने कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले आणि १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज मागावर उभा असलेला आपला तरुण हे जाणत असेल, तर तो कतञ्ञू होय. मग आपल्या बारा तासांकडेही तो निराळ्या दृष्टीने पाहील.

मंगलसुत्ताचा क्रमही बोलका आहे. कतञ्ञुतेचा उल्लेख येण्याआधी आईवडिलांची सेवा, पत्नी व मुलांचा सांभाळ आणि 'अनाकुल' काम ही मंगले येऊन गेलेली असतात. ज्यात जीव गुदमरत नाही, ओढाताण नाही, असे काम, असा त्या शब्दाचा अर्थ आम्ही लावतो. कतञ्ञुतेला लागूनच येते ते योग्य काळी धम्मश्रवण. म्हणजे त्यासाठी वेळ हवाच. शेजारची ही मंगले सोडून एकट्या समाधानाचा उपदेश करणे, हे सुत्ताचे अर्धे वाचन झाले.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त याहून स्पष्ट आहे. मालकाने शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुटी द्यावी, ही पाच कर्तव्ये तेथे आधी सांगितली आहेत, सेवकाची त्यानंतर. सेवकाने मालकाच्या आधी उठावे व नंतर झोपावे, हा भाग आम्हांस खटकतो आणि तो प्राचीन गृहव्यवस्थेचा अवशेष आहे, हे मान्य करण्यात संकोच नसावा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या पाचव्या खंडात गृहस्थांच्या विनयात मालक व नोकर यांचे प्रकरण घेतले, तेही उभयपक्षी कर्तव्य म्हणूनच. शिवाय अंगुत्तरनिकायात आधी उपकार करणारा आणि उपकार जाणणारा, असे दोन दुर्लभ मनुष्य सांगितले आहेत. आपण नेसतो त्या कापडाच्या बाबतीत आधी करणारा कोण, हा प्रश्न प्रवचनकारांनी एकदा मालकांनाही विचारावा.

तर मग कष्टकऱ्याला दैनंदिन आनंद नाहीच काय? आहे, आणि बुद्धांनी त्यास तुच्छ लेखलेले नाही. अनाथपिंडिकास सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत अनणसुख, म्हणजे ऋणमुक्तीचे सुख, स्वतंत्रपणे गणले आहे. घेतलेली उचल ज्या दिवशी फिटते, त्या संध्याकाळी कामगार मुलांना घेऊन वऱ्हाळा तलावाच्या काठी येऊन बसतो. त्या तासाभरात तो कोणाचेही देणे लागत नसतो.