‘अस्तु’ आणि चुलीवरचा आळ
सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये (२०१३) संस्कृतपंडित चक्रपाणी शास्त्रींना स्मृतिभ्रंश का झाला, याची चौकशी होत नाही. ते हत्तीमागे निघून जातात आणि माहुताची कन्नड बोलणारी बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. आम्हा बेळगुंदीकरांना ही सरमिसळ घरचीच वाटते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच.

आपल्याकडे मात्र कुणी विसरायला लागलं की बोट आधी चुलीकडे जातं. काय खायला घातलंत हो? मधुमेह, रक्तदाब यांनी धोका वाढतो, हे खरं. फिनलंडमध्ये १,२६० ज्येष्ठांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बुद्धीला थोडा फायदा दिसला. पण तो आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, या चारांचा मिळून. एकट्या ताटाचा नव्हे. आपला चौविहार व्रत म्हणून पाळावा. स्मृतीचं औषध म्हणून सांगू नये.

काळजी आधी घ्यावी, पण आजार आल्यावर रांधणारीला आरोपी करू नये. ‘अस्तु’ दोष शोधत नाही, माणूस सांभाळतो. त्याचं मोठेपण मला तिथं दिसतं.