गव्हावरील पर्णपोषण : काही आक्षेप

गव्हाच्या पानांवर खते व संजीवके फवारल्याने उत्पन्न आणि दाण्याची प्रत ही दोन्ही वाढतात, असे विधान अनेक प्रबंधांत आढळते. आमचा आक्षेप त्यातील ‘आणि’वर आहे.

फिनी व त्यांच्या सहकाऱ्यांचे कॅन्ससमधील ‘पॉनी’ गव्हावरील युरिया-फवारणीचे प्रयोग १९५७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत प्रथिन सर्वांत अधिक वाढले ते फुलोऱ्याच्या सुमारास केलेल्या फवारणीने. गुडिंग व डेव्हिस यांच्या १९९२ च्या समालोचनातही उत्पन्नास लवकरची आणि प्रथिनास उशिराची फवारणी अनुकूल ठरते. अर्थात दोन्ही लाभ एकाच फवारणीच्या पदरात घालणे युक्त नव्हे.

थोडा हिशेब करावा. दोन टक्के युरियाचे ५०० लिटर द्रावण म्हणजे हेक्टरी १० किलो युरिया, अर्थात ४.६ किलो नत्र. हेक्टरी ४ टन गव्हात ११.४ टक्के प्रथिन असेल, तर ५.७ या गुणकाने दाण्यात ८० किलो नत्र असते. फवारलेले सारे नत्र दाण्यात पोचले असे मानले (आणि ते तसे कधीच पोचत नाही), तरी प्रथिन जेमतेम १२ टक्क्यांवर जाते. एवढ्याशा नत्राने उत्पन्नात मोठी वाढ झाल्याचे कोणी दाखविले, तर तितकेच नत्र जमिनीतून दिलेला आणि नुसते पाणी फवारलेला असे दोन वाफे प्रयोगात होते काय, हे आधी विचारले पाहिजे.

संजीवकांबाबत गोंधळ अधिक आहे. टॉल्बर्ट यांनी १९६० मध्ये वर्णिलेले क्लोरमेक्वॉट जिबरेलिनची निर्मिती रोखून खोड आखूड करते. त्याचा लाभ मुख्यतः पीक लोळणे टळल्याचा. भारतात १९६० नंतर आलेल्या बुटक्या वाणांत ते काम आनुवंशिक गुणानेच साधले आहे. उंच वाणांवरील निष्कर्ष या वाणांस जसेच्या तसे लावणे धाडसाचे होय.

‘प्रत’ म्हणून केवळ प्रथिनाची टक्केवारी देणेही फसवे आहे. दाण्यात पिष्ट कमी भरले, की प्रथिनाचा वाटा आपोआप चढतो. महाराष्ट्रात दाणे भरताना ऊन तापू लागते. त्यात तीव्र द्रावणाने पाने करपली, तर असे सहज घडेल. टक्केवारीशेजारी हजार दाण्यांचे वजन आणि हेक्टरी प्रथिन किती किलो मिळाले, हे दोन आकडे नसतील, तर ते कोष्टक आम्ही तरी बाजूस ठेवू.