कळ हातात, माप कुठे?

स्मार्टफोनमुळे बाकीच्या उद्योगांत नवनिर्मितीची लाट आली, असं अलीकडे प्रत्येक व्यासपीठावरून सांगितलं जातं. त्यात खोटं काही नाही. कोट्यवधी फोन खपले म्हणून त्यांतला कॅमेरा, जीपीएस, बॅटरी, हालचाल ओळखणारी चिप यांचे भाव कोसळले. आज उसावर औषध फवारणारा ड्रोन उडतो, तोही अशाच स्वस्त झालेल्या भागांच्या जोरावर. पण भाग स्वस्त मिळणं वेगळं आणि नवं सुचणं वेगळं. आपल्या शेतीत या दोहोंची गल्लत झाली आहे, अशी माझी तक्रार आहे.

मोबाइल स्टार्टर घ्या. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ला 2009 साली नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिक मिळालं. गंमत अशी, की ते स्मार्टफोनवर उभंच नव्हतं. साध्या बटणांच्या फोनवरून आकडे दाबायचे, की नदीवरची मोटर सुरू. ॲप वगैरे पुढचं. गरज मात्र शंभर टक्के खरी होती. शेतीची थ्री फेज वीज आठ-आठ तास, कधी दिवसा, कधी रात्री. कराड तालुक्यात उसात बिबट्या असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. रात्री दोन वाजता माणसाला नदीवर जावं लागत नाही, हे लहान काम नव्हे. त्याला हसणाऱ्यानं एकदा रात्रपाळीचं पाणी पाजून बघावं.

तरीही प्रश्न उरतो. हे यंत्र आपल्याला काय सांगतं? वीज आली की गेली, मोटर चालू की बंद, फार तर किती तास चालली. पाणी किती गेलं, ते सहसा सांगत नाही. जुना माणूस नुसती कळ दाबायला रानात जात नव्हता, तो दारं धरायला जात होता. सरी भरली की दार मोडायचा, पुढची सरी धरायचा. कळ घरात आली आणि हे बघणं रानातच राहिलं. वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्या आहेत. जादा पाण्यानं भूजल वर येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. मोबाइलनं जमीन खारवली असं मी म्हणत नाही, ते दुखणं मोबाइलच्या आधीचं आहे. पण त्या दुखण्यावर आलेलं नवं यंत्र मोटर सुरू करणं सोपं करतं आणि थांबायचं कधी याबद्दल गप्प बसतं, याला काय म्हणावं?

आमच्या न्यायदर्शनात करण आणि प्रमाण हे शब्द येतात. करण म्हणजे ज्यानं काम होतं ते साधन. कुऱ्हाड हे तोडण्याचं करण. प्रमाणही एक करणच, पण ज्ञानाचं. आणि मराठीत आपण मापालाही प्रमाणच म्हणतो. शेताला मिळालं ते पहिल्या जातीचं.

दुसऱ्या जातीचं कुठं मिळालं? तर इथं, मलकापुरात. चोवीस तास पाणी देणारी नगरपंचायत म्हणून हे गाव गाजलं, बाहेरून माणसं बघायला आली. नळाला मीटर बसले तेही रेडिओलहरींवर वाचता येणारे, म्हणजे फोनची चुलत भावंडंच. पण पाहुणे मीटरचे फोटो काढतात आणि दरपत्रक वाचत नाहीत. इथं जास्त वापराला चढा दर आहे. दर वापरावर बेतला, म्हणूनच मीटरला काम मिळालं. चोवीस तास पाणी येणार ही खात्री झाली तेव्हा साठवून ठेवायचं आणि शिळं म्हणून ओतून द्यायचं कारण उरलं नाही. म्हणजे नवनिर्मिती कुठं झाली म्हणाल, तर चिपमध्ये नव्हे, ठरावात झाली. चिप नंतर बाजारातून आली.

आता कोयनेच्या त्याच पाण्याकडे शिवाराच्या बाजूनं बघा. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी पिकावर आणि एकरावर. वीज, साडेसात अश्वशक्तीपर्यंत, 2024 पासून मोफत. मग पाणी मोजणारं यंत्र विकत घेणार कोण? आणि गिऱ्हाईक नसेल तर आमचा हुशार अभियंता ते बनवील कशाला? तो कळच बनवणार. स्मार्टफोननं अमुक उद्योग बदलला म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही. त्यांचं बोट नेहमी यंत्राकडे असतं.

बारामतीत कृषी विकास ट्रस्टच्या ऊस प्रयोगात जमिनीतल्या संवेदकांची आणि उपग्रहाची माहिती जोडून शेतकऱ्याला फोनवर सल्ला जातो. हे मात्र प्रमाणाच्या दिशेनं पडलेलं पाऊल आहे, आणि मला ते आवडतं. फक्त एक कल्पना करा. संदेश आला, ‘आज पाणी नको.’ वीज फुकट आहे, पाळी आज रात्रीची आहे, पुढच्या पाळीला वीज नीट राहील याची खात्री नाही. तो गडी मोटर चालूच करणार. त्याच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर तेच केलं असतं.