दोन भट्ट्यांची साक्ष

आख्खें डुक्कर भुईंत पुरून शिजविण्याची हकीकत वाचकांपुढें ठेवतांना आम्हांस थोडा संकोच वाटतो. कित्येक घरीं हें पान न वाचतांच उलटलें जाईल. पण किळस हा जिभेचा धर्म आहे, ग्रंथपरीक्षणाचा नव्हे. आणि हवाई बेटांतील डेव्हिड मालो या ग्रंथकाराची योग्यता या भुईंतल्या भट्टीपाशींच कळून येते, असें आमचें मत आहे.

या भट्टीला तिकडे ‘इमू’ म्हणतात. खड्ड्यांत लांकडें पेटवून त्यांवर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड तापवावयाचे. ते तापले म्हणजे सारखे पसरून त्यांवर केळीचे ठेचलेले खुंट व पानें घालावयाचीं. डुकराच्या पोटांतही तापलेले दगड भरून तें वर ठेवावयाचें, आणि पानें, चटया व माती यांनीं सर्व झांकून वाफ कोंडावयाची. कित्येक तासांनीं माती उकरली म्हणजे मांस हाडापासून सहज सुटतें. आमच्या हुरड्याच्या आगटीची येथें आठवण होते. परंतु तेथें निखारा भाजतो, येथें वाफ शिजविते.

अशा भट्टीचें वर्णन हर्मन मेल्व्हिल यानें १८४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘टायपी’ या पुस्तकांत, मार्केसस बेटांतील मेजवानीच्या निमित्तानें, मोठ्या रसिकतेनें केलें आहे. स्त्रियांवरील निर्बंधही त्याच्या नजरेंतून सुटले नाहींत. परंतु तो पाहुणा होता. सुमारें महिन्याभराच्या मुक्कामाचे चार महिने करणारी त्याची लेखणी मेजवानीच्या थाटांत रमते. रोजच्या चुलीचे कष्ट तिला ठाऊक नाहींत.

मालो हा घरचा माणूस. जुन्या ‘कपू’च्या, म्हणजे निषेधाच्या, राज्यांतच तो लहानाचा मोठा झाला. त्याच्या हवाई भाषेंतील ग्रंथाचें एमर्सनकृत इंग्रजी भाषांतर १९०३ सालीं निघालें. त्यांतील भोजननिषेधाच्या प्रकरणांत तो सांगतो, कीं पुरुषानें एक भट्टी बायकोसाठीं लावावी व दुसरी स्वतःसाठीं. दोघांचें अन्न वेगळें, जेवणाचें घरही वेगळें. डुकराचें मांस, केळीं व नारळ स्त्रियांस वर्ज्य. तें खातांना सांपडलेल्या स्त्रीस देहान्त शिक्षा. हें ओझें किती जाचक होतें, तें तो स्पष्ट शब्दांत लिहितो, आणि तें मनाला झोंबतें. जी भट्टी पाहुण्याला कौतुकाची वाटली, तिच्यावर स्त्रीचा अधिकार नव्हता, हें आपण प्रथमच जाणतों. १८१९ सालीं राजा लिहोलिहो यानें स्त्रियांच्या पंगतीस बसून अन्न घेतलें व हा निर्बंध मोडला. एका जेवणानें धर्मव्यवस्था कशी कोसळली, याचा उलगडा या दोन भट्ट्या पाहिल्यावांचून होत नाहीं.

ग्रंथ निर्दोष नाहीं. क्रमांक घातलेले लहान परिच्छेद व नांवांच्या लांबलचक याद्या कंटाळा आणतात. शिवाय पुढें ख्रिस्ती उपदेशक झालेला मालो पूर्वजांच्या श्रद्धेविषयीं अनेकदां अनुदार होतो. तरीही चुलीपाशीं आला म्हणजे तो पाहिलेलें तेंच सांगतो.

कोणीं आधीं जेवावें व कोणीं मागून, हा प्रश्न आमच्याही कित्येक घरांत अजून मिटलेला नाहीं. अशा घरीं हें प्रकरण कोणीतरी मोठ्यानें वाचून दाखवावें, आणि त्या वेळीं स्वयंपाकघरांतील माणसांनाही बाहेर बोलवावें, एवढीच आमची सूचना आहे.