हसून घालवलेले चित्रपट

'गुंडा' बघायला जमलेली मंडळी हल्ली पडद्याकडे फारसं बघतच नाहीत. कांती शाह यांच्या १९९८ सालच्या या चित्रपटातले यमकांचे संवाद त्यांना तोंडपाठ असतात. ते पात्राच्या आधी म्हणायचे, शेजाऱ्याला कोपरखळी द्यायची, आणि 'वाईटपणातच याची मजा आहे' असं म्हणत घरी जायचं. २०२३ मध्ये आलेली 'सिनेमा मरते दम तक' ही मालिका याहून पुष्कळ सभ्य. त्या काळच्या चार दिग्दर्शकांच्या हाती तिने पुन्हा कॅमेरा दिला. माणसं लोभस आहेत, त्यांच्या हकिगती ऐकत राहाव्यात अशा आहेत. पण यांतल्या कुणाचा कुठला चित्रपट चांगला होता आणि का, हे विचारायचं मालिकेलाही सुचत नाही.

हसण्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती हसण्यामुळे होणाऱ्या सोयीला. सगळंच टाकाऊ ठरवून टाकलं की निवड करायची जबाबदारी उरत नाही. मग 'हातिमताई' आणि 'गुंडा' एकाच गोणीत भरता येतात. विद्यापीठातल्या अभ्यासकांची गोणी वेगळी, इतकंच. त्यांना प्रत्येक रबरी राक्षसात व्यवस्थेविरुद्धचा विद्रोह दिसतो. राक्षस नीट रंगवला होता का, यात त्यांना रस नसतो.

तर निवड करतो. ज्यांना आपण बी ग्रेड म्हणून मोकळे होतो, त्या चित्रपटांत खरी कारागिरी मला दोन ठिकाणी दिसते: वाडिया बंधूंच्या स्टंटपटांत आणि बाबूभाई मिस्त्रींच्या ट्रिकसीनमध्ये.

'हंटरवाली' १९३५ ची. तिची कीर्ती मोठी, पण तिची नायिका नादिया हिची उंची बघायची तर 'मिस फ्रंटियर मेल' (१९३६) बघावा. धावत्या गाडीच्या टपावर मारामारी चालू आहे आणि बाई पुरुषाला डोक्यावर उचलून धरते आहे, हे वर्णन सगळ्यांनी ऐकलेलं असतं. बघण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. नादिया स्वतःच्या कसरती स्वतः करायची. बदली माणूस नसल्यामुळे कॅमेऱ्याला कुणाचा चेहरा लपवावा लागत नाही. चौकट रुंद राहते, अंग डोक्यापासून पावलापर्यंत दिसतं, तोल जातो आणि सावरतो तोही त्याच शॉटमध्ये. आजच्या मारधाडीत एका ठोशाला चार कट लागतात आणि तरी तो लागल्यासारखा वाटत नाही. होमी वाडियांकडे पैसा कमी होता, पण माणूस जागेत कसा हलतो याची त्यांची जाण पक्की होती. कथानकही दिसतं तितकं बाळबोध नाही. 'सिग्नल एक्स' नावाचा खलनायक रेल्वेवर घातपात करवतो तो विमान कंपनीच्या फायद्यासाठी. धंद्यातल्या चढाओढीचा हा पेच त्या काळच्या आपल्या किती प्रतिष्ठित सामाजिक चित्रपटांना सुचला होता?

बाबूभाईंचं नाव आज पौराणिक चित्रपटांपुरतं उरलं आहे. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त त्यांनी काळ्या पडद्यापुढे काळ्या धाग्याने वस्तू हलवल्या आणि 'काला धागा' हे टोपणनाव कमावलं. पुढे होमी वाडियांच्या 'हातिमताई'मध्ये (१९५६) गेवाकलरच्या रंगांत त्यांची करामत बहरली. या ट्रिकांचं मर्म त्यांच्या अडचणीत आहे. फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळायची, तिच्यावर दुसरं चित्र उमटवायचं, मग तिसरं. तिसऱ्या वेळी चूक झाली तर पहिल्या दोन वेळची मेहनतही वाया. त्यामुळे प्रत्येक चौकट आधी डोक्यात पूर्ण झालेली असते. आज संगणकावर उभे राहणारे महाल कितीही वेळा बदलता येतात, आणि ते तसे दिसतातही, म्हणजे शेवटपर्यंत कुणी काही ठरवलंच नाही असे.

रामसे बंधूंचं काय, असं विचारलं जाईल. अर्धं श्रेय द्यायला मी तयार आहे. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे'साठी महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, कॅमेरा गंगूकडे, संकलन अर्जुनकडे, ध्वनी किरणकडे अशी घरातच कामं वाटून त्यांनी भयपटाचा संसार उभा केला. 'पुराना मंदिर' (१९८४) पहिल्या भागात खरोखर दचकवतो. सैतान सामरीचं मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे आणि राजघराण्यातल्या बायकांना बाळंतपणात मरणाचा शाप ही कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही वाड्याच्या दंतकथेत शोभेल अशी आहे. मग मध्येच जगदीपच्या तोंडून 'शोले'चं विडंबन सुरू होतं आणि भीती कोपऱ्यात जाऊन बसते. त्यानंतरचे रामसे बरेचसे स्वतःचीच नक्कल आहेत. हिरव्या-निळ्या प्रकाशात धूर सोडला की भीती आपोआप निर्माण होते, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

दारा सिंगचे कुस्तीपट? 'फौलाद' बघा, बाकीचे राहू द्या. साठच्या दशकातले हेरपट म्हणजे बाँडचा कोट, तोही मापाचा नाही. आणि 'गुंडा'? त्याच्यावर मी एव्हाना जरुरीपेक्षा जास्त शाई खर्च केली आहे.

आता मराठी समीक्षेकडे वळतो, कारण या चित्रपटांना हसणाऱ्या तरुणांपेक्षा त्यांची जास्त हानी आमच्या समीक्षेने केली आहे. मास्टर विठ्ठल कोल्हापूरचे, मूकपटांतले स्टंटनायक. ते आम्हाला आठवतात ते 'आलम आरा'पुरते. भगवान पालव यांनी वर्षानुवर्षं मारधाडपट काढले. आम्ही त्यांना 'अलबेला'च्या नाचात कोंडलं आणि चरित्रपटही काढला तो त्याच नाचाभोवती. ललिता पवारांनी भगवान यांच्याबरोबर १९३५ मध्येच 'हिम्मत-ए-मर्दा' केला होता. आम्हाला त्या फक्त खाष्ट सासू म्हणून ठाऊक.

आणि 'अमर ज्योती'? शांतारामबापूंचा प्रभातचा चित्रपट, साल १९३६, म्हणजे 'मिस फ्रंटियर मेल'चंच. अन्याय सहन न होऊन समुद्री चाचा बनलेली स्त्री, तिची जहाजं, हल्ले, सूड. हा पोशाखी साहसपट नव्हे तर काय आहे? पण दुर्गाबाई खोटे तलवार उपसतात तेव्हा आम्ही स्त्रीमुक्ती म्हणतो, आणि ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी एव्हान्स, म्हणजेच नादिया, चाबूक उगारते तेव्हा स्टंट. 'अमर ज्योती' व्हेनिसला गेला आणि नादियाचे चित्रपट पिटातल्या शिट्ट्यांकडे गेले, म्हणून एकीची बाजू गंभीर ठरली आणि दुसरीची उथळ. दर्जा प्रेक्षकाच्या तिकिटावरून ठरवण्याची ही सवय आम्ही कलेची जाण म्हणून मिरवतो.

वाडियांच्या घरातही हेच झालं. जे. बी. एच. वाडियांना प्रतिष्ठित चित्रपट काढायचे होते. त्यातून १९४१ ला 'राज नर्तकी' आला, इंग्रजीतही निघाला. दोघे भाऊ वेगळे झाले, होमींनी बसंत पिक्चर्स काढली आणि परळची वाडिया मूव्हिटोनची वास्तू शांतारामबापूंकडे जाऊन तिथे राजकमल उभी राहिली. ज्या जागेवर आमच्या अभिजात सिनेमाच्या आठवणी रचल्या जातात, ती जागा नादियाच्या घोड्यांच्या टापांनी तुडवलेली आहे. राजकमलवर इतकं लिहिलं गेलं, त्यात या गोष्टीला किती ओळी मिळाल्या?

'मंथन'ची नवी प्रत २०२४ ला कान्सला गेली, 'शोले'ची २०२५ ला बोलोन्याला. छान झालं. पण 'शोले' बुडण्याची भीती कधीच नव्हती. ज्यांच्या मोजक्या, ओरखडे पडलेल्या प्रतीच उरल्या आहेत, त्यांच्यावर आधी पैसा खर्च करायला हवा, आणि तो करणाऱ्याला समीक्षकांनी धीर द्यायला हवा. तो धीर हसून मिळणार नाही आणि कौतुकाच्या सरसकट हारांनीही नाही. 'मिस फ्रंटियर मेल' वाचवा आणि निम्मे रामसे गेले तरी चालतील, असं स्पष्ट म्हणणारं कुणीतरी लागेल. मी म्हणतो आहे.

फिल्म सोसायट्या चालवणाऱ्यांना एवढीच विनंती: 'अमर ज्योती' आणि 'मिस फ्रंटियर मेल' एकाच संध्याकाळी लागोपाठ दाखवा, मध्ये भाषण ठेवू नका, आणि कुठला चित्रपट म्हातारा झाला आहे ते प्रेक्षकांना विचारा.