‘द थर्ड पोलिसमन’ : ज्ञानव्यवहाराचे विडंबन

फ्लॅन ओब्रायन या नावाने लेखन करणारे आयरिश लेखक ब्रायन ओ’नोलन यांची ‘द थर्ड पोलिसमन’ ही कादंबरी १९४० मध्ये लिहून झाली. प्रकाशकाने ती नाकारली. हस्तलिखित हरवले, असे लेखक सांगत राहिले. त्यातील काही कल्पना त्यांनी ‘द डॉल्की आर्काइव्ह’ (१९६४) मध्ये पुन्हा वापरल्या. मूळ कादंबरी १९६७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली.

‘ॲब्सर्ड’ म्हटले की मराठी समीक्षेत बहुधा कामू आणि बेकेट यांच्या अनुषंगाने अर्थशून्यतेची चर्चा होते. ओब्रायन यांची असंगतता मात्र तर्काच्या अतिरेकातून जन्मते. खडबडीत रस्त्यावर सतत सायकल चालवल्याने स्वार आणि सायकल यांच्यातील अणूंची अदलाबदल होते, असा सार्जंट प्लकचा सिद्धांत आहे. पहिले गृहीतक मान्य केले की भिंतीला टेकून उभा राहणारा माणूस अंशतः सायकल झाला आहे, हेही मान्य करावे लागते. दर्शन आणि विज्ञान यांची सांगड प्रयोगाने तपासण्याचे काम लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापन केलेल्या कैवल्यधामात गांभीर्याने झाले. ओब्रायन यांचे पोलीसही यंत्रांवरचे आकडे नेमाने नोंदवतात; ते आकडे कशाचे, हा प्रश्न तेथे कोणी विचारत नाही.

कादंबरीचा खरा रोख विद्वत्तेवर आहे. रात्र म्हणजे साचलेली काळी हवा, असे मानणारा डी सेल्बी हा तत्त्वज्ञ कथेत फारसा येतच नाही. तो तळटीपांत राहतो, आणि तेथे त्याचे भाष्यकार परस्परांशी इतके भांडतात की काही ठिकाणी तळटीप मूळ मजकुरावर मात करते. निवेदक खून करतो तोही डी सेल्बीवरील आपला ग्रंथ छापण्यासाठी पैसे हवेत म्हणून. प्रकाशनसंख्येवर पदोन्नती ठरू लागलेल्या प्राध्यापकवर्गाला हा विनोद परका वाटू नये.

मराठीत विज्ञानकथा, विनोद आणि तत्त्वचिंतन यांचे कप्पे वेगळे ठेवले जातात. अशा एकत्रित लेखनाला समीक्षेत जागा कोठे द्यायची, हा प्रश्न म्हणूनच अवघड होतो. भौतिकशास्त्र शिकवलेल्या श्याम मनोहरांच्या ‘उत्सुकतेने मी झोपलो’ला २००८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी त्यांच्या विनोदातील ज्ञानमीमांसेची चर्चा अपुरीच राहिली आहे.

ओब्रायन यांचा निवेदक स्वतःचे नाव विसरतो. डी सेल्बीच्या भाष्यकारांची नावे मात्र त्याला मृत्यूनंतरही पाठ आहेत.