कात्री कोणाच्या हातात होती?

लिहायला शिकायचंय म्हणून लेखकांच्या मुलाखती वाचणारे आपल्यात बरेच असतील. या प्रकाराचं माहेरघर म्हणजे 'द पॅरिस रिव्ह्यू'. खर्डे किती करता, शेवट आधी ठाऊक असतो का, काय काढून टाकता, असे प्रश्न तिथे १९५३पासून कथाकारांना विचारले जाताहेत.

१९८३ साली तिथे अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरची मुलाखत आली. मुलाखत सुंदरच आहे. एका कथेचे दहा-बारा खर्डे तर होतातच, असं तो सांगतो. 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' (१९८१) या संग्रहात आपण काटछाटीच्या शेवटच्या टोकाला पोचलो होतो, असंही सांगतो.

पण ही काटछाट मुख्यतः संपादक गॉर्डन लिशची होती. त्याने हस्तलिखित निम्म्याहून कमी करून टाकलं. ८ जुलै १९८० रोजी कार्व्हरने त्याला पत्र लिहून पुस्तक थांबवण्याची विनवणी केली. पुस्तक निघालं, गाजलं आणि कार्व्हरवर 'मिनिमलिस्ट' हा शिक्का बसला. मुलाखतीत त्याला हा शब्द खुपतो. त्यात कोतेपणाचा वास येतो, असं कारण तो देतो. ते वळण त्याचं एकट्याचं नव्हतंच, हे मात्र तो बोलत नाही.

फरक केवढा, ते एका कथेत पाहा. वाढदिवसाच्या दिवशी मुलाला गाडी धडकते आणि न नेलेल्या केकसाठी बेकरीवाला फोन करत राहतो. लिशने तीन-चतुर्थांशाहून जास्त मजकूर कापलेल्या 'द बाथ'मध्ये कथा फोनपाशीच तुटते. मुलाचं काय झालं, कळत नाही. कार्व्हरने १९८३मध्ये तीच कथा 'अ स्मॉल, गुड थिंग' या नावाने पुन्हा भरून छापली. तिथे मुलगा जातो, आईबाप बेकरीत जाऊन भांडतात आणि बेकरीवाला त्यांना गरम पाव खायला देतो. पहिली कथा भीतीची, दुसरी सोबतीची. मला दुसरी मोठी वाटते. उलट संग्रहाच्या शीर्षककथेत लिशचा अंधारात थबकलेला शेवट मूळ पसरट शेवटापेक्षा सरस आहे. म्हणजे लिशला खलनायक ठरवूनही भागत नाही.

मुलाखत हाही एक संपादित मजकूरच असतो. तिथे लेखक स्वतःचं एक पात्र उभं करतो आणि त्या पात्राला बहुधा संपादक नसतो. म्हणून कारागिरी शिकायची तर मुलाखतीच्या शेजारी खर्डे ठेवायला हवेत. कार्व्हरच्या बाबतीत ते जमतं, कारण मूळ हस्तलिखित 'बिगिनर्स' नावाने २००९मध्ये प्रसिद्ध झालं. आपल्याकडे 'सत्यकथे'च्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या साक्षेपी संपादनाबद्दल आदराने बोललं जातं. पण त्यांनी हात लावण्याआधीची आणि नंतरची कथा शेजारी-शेजारी वाचायला मिळाली, तर आदराच्या जागी समज येईल.